देय नाही

ऐरोलीला, सातव्या मजल्यावर,
मी लोकांची हॉस्पिटलची बिलं तपासते.
ऑपरेशन, भूल, खाटेचं भाडं, ते बहुतेक बरोबर असतं.
माझं काम खालच्या ओळींवर.
हातमोजे दोन जोड. कापूस. थर्मामीटर. कंगवा.
समोर लिहायचं: देय नाही.
दिवसाला चाळीस फायली. नऊ वर्षं झाली,
आता हातच माझ्या आधी वाचतो.

तीस तारखेच्या रात्री, केवल घोरत असताना,
सहज स्वतःचं खातं उघडलं
आणि हाताने वाचायला सुरुवात केली.
कॉफी, दोनशे ऐंशी.
कॉफी, दोनशे ऐंशी.
कॉफी, दोनशे ऐंशी, आणि बदामाची कुकी एकशे दहा
(तो गुरुवार. काय झालं होतं गुरुवारी?)
कॉफी.
बावीस वेळा. कुकी सोडून सहा हजार एकशे साठ.
स्वरांगीच्या कथकची फी बाराशे,
बाईंना दोन महिने म्हणतेय, पुढच्या आठवड्यात नक्की.

खुलासा द्यायचा झाला तर:
साडेसहाला सुटते. घर घणसोली गावात,
रिक्षाने दहा मिनिटं.
चप्पल काढायच्या आत कुणीतरी विचारतं, भाजी कुठली करायची?
वर साहेब, तिकडे भाजी,
मध्ये कुठे बसायला जागा नाही.
थांब्यावरची पट्टी अशी तिरकी की माणूस घसरावा,
बागेत एकटी बाई बसली की वॉचमनला काळजी.
म्हणून काचेचं दुकान, कोपऱ्यातली खुर्ची, वीस मिनिटं.
कॉफी मला फारशी आवडतही नाही.
कडू असते. दोन पुड्या साखर घालते,
तिसरी पर्समध्ये.

बाबा म्हणतात, ही सगळी आपली खाजणं.
हात पसरून दाखवतात या टॉवरपासून त्या टॉवरपर्यंत.
नेमकं कुठून कुठे, विचारलं की हात खाली येतो.
असेल, माझी खुर्ची बांधावर असेल.
नाहीतर आमचा बांध पार्किंगमध्ये.
काउंटरवरच्या धनेशला सांगितलं तर हसेल,
पैसे कमी करणार नाही.

आई मशेरीची डबी तांदळात खुपसून ठेवायची.
कोलंबीच्या वाट्यावर पाच रुपयांसाठी
ती अर्धा तास भांडू शकते,
पण मशेरीचा हिशोब तिला कुणी विचारला नाही
आणि तिने दिला नाही.
सकाळी मागच्या पायरीवर, बोट दातांवर, डोळे मिटलेले.
तेवढा वेळ हाक मारायची नाही,
हे आम्हा पोरांना न सांगता कळायचं.

एक तारखेला आलेली फाईल:
अंबरनाथ. पुरुष, एकाहत्तर. मेंदूत रक्तस्राव. अकरा दिवस आयसीयू.
शेवटी वहीचा एक कागद टाचलेला, निळ्या पेनाने,
चहा सकाळी. चहा दुपारी. चहा रात्री अडीच.
रोजचे तीस, अकरा दिवसांचे तीनशे तीस.
खाली सही, ओळ सोडून चढत गेलेली,
सौ. इंदुबाई काशिनाथ शेवाळे.
रात्री अडीचला हॉस्पिटलबाहेर कोण चहा पितं,
मला माहीत आहे.
नियमही माहीत आहे.
लिहिलं, देय नाही.
पुढची फाईल गुडघ्याची होती.

साडेसहाला खाली उतरले. जायचं नाही, असं लिफ्टमध्ये ठरवलं होतं.
धनेशने मला काचेतून पाहिलं
आणि कप काढलासुद्धा.
बिल देऊ? तो रोज विचारतो,
मी रोज नको म्हणते.
आज म्हटलं, दे.
घडी घालून साखरेच्या पुड्यांत ठेवलंय.
सादर कुणाकडे करायचं,
बघू.